सांधा जिथं तुटला

ही गोष्ट माझ्या ओठांपर्यंत पुष्कळदा आली आणि तिथूनच माघारी गेली. मायला सांगितली नाही — आणि माय आता ऐकायला राहिली नाही. दादाला नाही. कामातल्या माणसांना तर नाहीच. आज तुम्हाला सांगतेय, ते कदाचित तुम्ही माझा चेहरा पाहिलेला नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर बसलं की मी लगेच चांगली बाई होते. तशी सवयच लागली आहे मला.

पण एकदम त्या जागी नाही जाता येत. आधी थोडं धुण्याबद्दल सांगू द्या. चालेल?

माझी वहिनी, मंदा, भोकरदनकडच्या धावड्याची. लग्न होऊन अंबडला आमच्या घरी आली तेव्हा मी कॉलेजात होते. चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही, पण धुणं घेऊन बसली की ती वेगळीच कुणीतरी व्हायची. मागच्या अंगणात हातपंपाशेजारी एक काळा दगड होता. त्यावर ती कपडा आपटायची तो आवाजसुद्धा मला आवडायचा — एका लयीत, मधे पाणी, परत तोच आवाज. काहीतरी गुणगुणायची. शब्द नसायचे त्याला. दादाचे पांढरे सदरे गच्चीवर वाळायला लागले की रस्त्यानं जाणारी माणसं वर बघायची. गल्लीतल्या बाया विचारायच्या, "मंदे, पावडर कोन्ती वापरून राह्यली गं?" पावडर तीच, सगळ्यांच्या घरातली. वहिनी नुसती हसायची. एवढ्याशा गोष्टीचा केवढा मान होता तिला!

मी सुट्टीत घरी आले की दुपारी गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींच्या मधे चटई टाकून पडायची. चादरीतून गाळून आलेला उजेड अंगावर पडायचा, पांढरा, गार. वारा आला की आख्खी दुपार एका बाजूला झुकल्यासारखी वाटायची. खाली वहिनीचं गुणगुणणं. मी जागी आहे की झोपलेय, ते कळायचं नाही. अजूनही कधी कधी वाटतं, त्यानंतरचं सगळं मी तिथंच पडल्या पडल्या पाहिलं — पुणं, नोकरी, जालना, सगळं — आणि आता कुणीतरी खालून हाक मारेल, चहा झाला म्हणून.

असो. भटकतेय मी. मुद्दाम भटकतेय, ते तुमच्याही लक्षात आलं असेल.

शारू ही दादा-वहिनीची मुलगी. तीन वर्षांची असताना तिला पहिला झटका आला. मिरगीचा. मग येत राहिले — झोपेत, जेवताना, भातुकली मांडून बसलेली असताना. औषधं चालू होती, डॉक्टर बदलून झाले, थोडं कमी व्हायचं, परत यायचं. डॉक्टर म्हणाले, झटका आला की पोरीला कुशीवर करा, आजूबाजूला टणक, गरम काही ठेवू नका, आणि सतत कुणीतरी जवळ राहा. कुणीतरी म्हणजे कोण? वहिनी. ती पोरीच्या झग्याचं टोक आपल्या पदराला बांधून झोपायची. झोपायची तरी कसली, पडून राहायची. पोर जराशी हलली की गाठ ओढली जायची आणि ही उठून बसायची. काही वर्षं तिनं अशी काढली. गुणगुणणं कधी थांबलं ते आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मी तोवर पुण्यातली नोकरी सोडून जालन्याला आले होते. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं, आणि डोक्यात एक खूळ — अंगाला काय होतंय ते अंगावरच्या कपड्यालाच कळलं पाहिजे. जुन्या जालन्यातल्या एका कापड व्यापाऱ्यांना ते खूळ पटलं. आम्ही सगळे त्यांना शेठजी म्हणतो. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आलेले, घरात मारवाडी, दुकानात मराठी, राग आला की हिंदी. त्यांनी गोदामामागची खोली मला दिली आणि पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, तुमची मशिनरी मला समजत न्हाई. पण कपडा म्हटला की धुणं आलं. धुऊन जो राहिला तो कपडा, बाकी सगळा कागद. बराबर?"

बराबर होतं. सगळी अडचण तिथंच होती.

मी बंडी करत होते. लहान मुलाच्या अंगाला बसेल अशी, बिनबाह्यांची, मऊ सुती बंडी. छातीवर दोन पट्टे, चांदीचा मुलामा दिलेल्या दोऱ्यानं विणलेले. ते दोरे शिवणीतून काखेपाशी यायचे. तिथं दोन टिचबटणं, आणि टिचबटणांवर आगपेटीएवढी एक डबी बसायची. धुताना डबी काढून ठेवायची. मुलाला झटका आला — छातीचे ठोके आणि अंगाची ती ठरावीक थरथर दोन्ही जुळली — की डबी फोनला कळवणार आणि फोन मोठ्यानं वाजणार. आईला सतत बघत बसायला नको. फोन जवळ असला की झालं.

तुम्हाला वाटेल, अवघड काय असेल तर ती डबी. नाही हो. डबी सोपी होती. अवघड होतं ते धुणं. घामाच्या मिठानं चांदी काळवंडते, साबणानं झिजते, आमच्या इकडच्या बोअरच्या जड पाण्यानं तिच्यावर क्षारांचा पांढरा थर बसतो. त्यासाठी मी दोऱ्यावर रबरासारखा पातळ लेप दिला, तो बऱ्यापैकी टिकला. पण सांधा — दोरा जिथं टिचबटणाला भेटतो तो सांधा! दोरा मऊ, टिचबटण कडक. धुताना कापड पिळलं जातं, वळतं, आणि ते सगळं वळणं त्या एका टोकावर येऊन पडतं.

खोलीत एक धुण्याचं मशीन ठेवलं होतं, पुढून गोल काचेचं. मी त्याच्यासमोर स्टुलावर बसून राहायची. जाळीच्या पिशवीत बंड्या, गार पाणी, पातळ साबण. काचेमागे त्या फिरायच्या, वर यायच्या, खाली जायच्या, चांदीचे पट्टे मधेच चमकून जायचे. बाहेर जालन्याचं ऊन, गोदामातला कोऱ्या कापडाचा वास, मशीनची घरघर — माझे डोळे मिटायचे. मला दिसायचं, वहिनी झोपली आहे. पदराला गाठ नाही. शारू अंगणात एकटी खेळतेय. इतकं खरं दिसायचं की डोळे उघडल्यावर मला वाटायचं, काम झालंय.

आणि एक दिवस त्यातली एक बंडी मेली.

आमच्या बोलण्यात तसंच म्हणायचो आम्ही, मेली. मी सावलीत वाळवली, डबी लावली, पट्टे स्वतःच्या छातीला लावून झटक्यासारखी हलवली — फोन गप्प. भिंगाखाली पाहिलं तर सांध्यापाशी दोऱ्याला केसाएवढी चीर. दगडावर आपटलेली नाही, घासलेली नाही, जाळीच्या पिशवीत, गार पाण्यात, लाडानं धुतलेली बंडी. तरी मेली. आणि त्याहून वाईट म्हणजे ती मेली हे डबीला कळलंच नव्हतं. दोरा तुटला की डबीला काहीच ऐकू यायचं नाही, आणि काहीच ऐकू येत नाही याचा अर्थ ती लावायची — मूल शांत आहे.

हे दोन्ही मला कळलं होतं. नीट कळलं होतं. उन्हाळा लागायच्या आधी, शारूला बंडी द्यायच्या आधी. एवढं लक्षात ठेवा.

मी ती बंडी कपाटात खाली टाकून दिली. शेठजींना सांगितलं नाही. त्यांनी काही पाहुण्यांना आमचं काम बघायला बोलावलं होतं, आणि मी त्यांना म्हटलं होतं, घरचीच मुलगी वापरणार आहे पहिल्यांदा. केवढं शोभून दिसलं होतं ते वाक्य! आणि अंबडला गेलं की वहिनी दारातच विचारायची, "ताई, झाली का बंडी?" मला नाही म्हणवलं नाही. म्हणजे — नाही, हे खोटं आहे. मला नाही म्हणायचं नव्हतं. एक नमुना गेला म्हणून काय सगळे जाणार आहेत, असं मी स्वतःला सांगितलं. आणि मी लगेच ऐकलं माझं.

बंडी घेऊन गेले त्या दिवशी शारूनं ती घालून घरभर नाच केला. मी वहिनीला समोर बसवून सांगितलं — डबी काढायची, गार पाणी, साबण कमी, आपटायचं नाही, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. तिनं शाळेतल्या मुलीसारखं पाठ म्हणून दाखवलं. मग हळूच म्हणाली, "ताई, रिठ्याचं पानी चालतंय का? साबनाचा भरोसा वाटून न्हाई राह्यला मला." मी हसले. म्हटलं, चालतंय. आणि मग म्हटलं — हे शब्द मला जसेच्या तसे आठवतात — "आता तुम्ही निवांत झोपा वहिनी. ही जागी राहील."

ती झोपली. त्याच दुपारी. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, दोन्ही हात डोक्याखाली घेऊन, तोंड जरासं उघडं. शारू तिच्यापासून दूर अंगणात खेळत होती आणि दोघींच्या मधे काही बांधलेलं नव्हतं. मी भिंतीला टेकून वहिनीकडे बघत बसले. कवडशात धूळ तरंगत होती. माय पावलांचा आवाज न करता आली, सुनेकडे बघितलं आणि तशीच परत गेली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर दुपार कोणती म्हणून विचाराल, तर तीच सांगेन. तेव्हासुद्धा मला ती मेलेली बंडी आठवली होती. नाही कसं म्हणू? आठवली, आणि मी तिला बाजूला सारलं, कारण समोर जे दिसत होतं ते फार छान होतं.

एक वाक्य बोलायचं होतं. वहिनी, अजून पुरा भरवसा ठेवू नका. बस. तेवढ्यानं काही बिघडलं नसतं — फक्त ती झोपली नसती, आणि मी मोठी झाले नसते.

मग उन्हाळा आला. बंडी चालत होती. मधे एकदा झटका आला तेव्हा फोन वाजला, वहिनी धावली, पोरीला कुशीवर केलं, सगळं ठीक झालं. तिनं मला फोन केला तेव्हा तिला रडू आवरत नव्हतं. त्या फोननंतर माझी उरलीसुरली धाकधूकही गेली.

आमच्याकडे उन्हाळ्यात कुरडया करतात, तुम्हाला माहीत असेल. गहू भिजवून, वाटून त्याचा चीक काढायचा, तो चुलीवर शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून गच्चीवर घालायच्या. शिजलेला चीक म्हणजे घट्ट, लख्ख, आणि विस्तवासारखा गरम. अंगावर पडला तर ओघळून जात नाही, चिकटून बसतो. त्या दिवशी वहिनी आणि माय अर्धा चीक घेऊन वर गेल्या. अर्धा पातेल्यात खाली होता. शारू मागच्या खोलीत झोपली होती, बंडी घालून. वहिनीनं फोन कमरेला खोचला होता.

पोर उठली असणार. मुलांना चीक आवडतो, तेल-मीठ घालून खायला. ती स्वयंपाकघरात आली असणार, वाटी घेतली असणार, आणि तिथंच झटका आला असणार. वाटी तिथंच पडलेली होती. बाकी कुणीच पाहिलं नाही. गच्चीवर ऊन तापलं होतं, दोघी कुरडया घालत होत्या, आणि फोन — फोन शांत होता. मूल शांत आहे, असं सांगत होता. माय पाणी प्यायला म्हणून खाली आली तेव्हा शारू पातेल्याशेजारी पडलेली होती आणि तिचा डावा हात कोपरापासून खाली चिकानं भरलेला होता.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा तिला आत घेतलं होतं. बाहेर बाकावर माय, दादा, आणि भिंतीशी उकिडवी बसलेली वहिनी. तिच्या बोटांवर चीक वाळून पापुद्रे धरले होते. नर्सनं कात्रीनं कापून काढलेली बंडी एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दादाकडे दिली होती. दादानं ती माझ्यापुढे धरली. त्याचा आवाज चढला नव्हता. नुसतं म्हणाला, "हे का वाजलं न्हाई?"

इथं आले मी. ही ती जागा.

मला उत्तर माहीत होतं. पिशवी उघडायच्या आधी माहीत होतं. दादा माझ्याकडे बघत होता, माय बघत होती. ज्या घरानं मला बाहेर शिकू दिलं, पुण्याला पाठवलं, लग्नाचा तगादा लावला नाही, पोरगी काहीतरी मोठं करतेय म्हणून चारचौघांत सांगितलं — ते घर माझ्याकडे बघत होतं. आणि मी वळून वहिनीला विचारलं, "वहिनी, ही आपटून धुतली होती का?"

फक्त विचारलं मी. खोटं कुठं बोलले? इतकी वर्षं मी या एका फटीत राहतेय — की मी फक्त विचारलं होतं.

वहिनीनं वर पाहिलं. तिला प्रश्न लगेच कळलाच नाही. मग तिनं स्वतःच्या हातांकडे बघितलं, उलटे करून, सुलटे करून. माझी नजर तिच्यावरून हलत नव्हती. त्या हातांवरचा तिचा विश्वास मला जाताना दिसला.

"आपटली असंल, ताई," ती म्हणाली. "मला याद न्हाई. पन आपटली असंल. हाताला सवय हाय ना."

मायनं कपाळावर हात मारला. "सांगितलं व्हतं ना तुला! इतकं समजावून सांगितलं व्हतं पोरीनं!" दादा उठला. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला, बायकोकडे पाठ करून. मी वहिनीजवळ बसले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "जाऊ द्या वहिनी. मुद्दाम थोडंच केलं तुम्ही?"

काय म्हणाल याला? मी तिला माफ केलं. माझ्या चुकीसाठी मी तिला, सगळ्यांसमोर, माफ केलं.

दुसऱ्या दिवशी जालन्याच्या खोलीत मी ती बंडी भिंगाखाली धरली. आपटलेलं कापड ओळखू येतं. धागे फुगतात, शिवण चपटी होते, टिचबटणावर ओरखडे उठतात. यातलं काही नव्हतं. सूत जसंच्या तसं, शिवण सरळ. लेप शाबूत. चांदीसुद्धा उजळ होती — मी स्वतः धुतलेल्या नमुन्यांपेक्षा उजळ. कापडाला रिठ्याचा वास येत होता. तिनं ती बंडी कशी हाताळली असेल ते मला दिसत होतं, वेगळ्या घमेल्यात, तळहातांच्या मधे धरून, बाळाचं डोकं धुवावं तशी. आणि सांध्यापाशी केसाएवढी चीर. त्याच जागी.

फोन माझ्या हाताशी होता. अंबड काही लांब नाही. बाहेर शेठजींचे हमाल गठ्ठे उतरवत होते, कुणीतरी हसत होतं. मी बंडीची घडी घातली.

त्यानंतर मी काम मात्र केलं. खूप केलं. सांध्याच्या आधी दोरा नागमोडी वळवला, म्हणजे ओढ एका टोकावर येत नाही. टिचबटणाखाली आधी मऊ, मग जरा कडक असे थर दिले. दोरा तुटला तर डबीनं गप्प न बसता ओरडायचं, हेही केलं. दगडावर आपटून, बोअरच्या पाण्यात, कपड्याच्या साबणाच्या वडीनं घासून बघितलं, आणि बंड्या टिकल्या. आज त्या कुठल्या कुठल्या गावांत मुलांच्या अंगावर आहेत. शहागडच्या एका आईनं मला निरोप पाठवला होता की गोदावरीच्या पाण्यात धुऊनसुद्धा चालते. हे सगळं खरं आहे. पण हे मी त्या दुसऱ्या गोष्टीच्या बदल्यात सांगत नाहीये. बदल्यात धरू नका.

शारूचा हात बरा झाला. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट मात्र आत वळलेली राहिली. पुढं औषधांनी झटके कमी होत गेले, मग बंदच झाले.

आणि वहिनी? दादानं घरी धुण्याचं मशीन आणलं. आणताना एवढंच म्हणाला, "आता तुझ्या हाताला धुनं नको." तिनं मान हलवली. अंगणातला काळा दगड एका कोपऱ्यात सरकवला, त्यावर कुंड्या आल्या. दुपारी ती रिकामी बसलेली दिसायची. मांडीवर हात ठेवून, तळवे वर करून. गल्लीतल्या बाया आता पावडर विचारत नाहीत. मायनं तिला शेवटपर्यंत ऐकवलं, वाईटपणानं नाही, आजारात बडबडल्यासारखं — पोरीचा हात, पोरीचा हात. ती ऐकवत असताना मी मायचे पाय चेपत शेजारी बसलेली असायची. मायला तेव्हा सांगता आलं असतं. माय गेली ती तसंच धरून.

अजून एक आहे. हे सांगायला सगळ्यात लाज वाटते.

काम नावारूपाला आलं तशी मला बोलायला बोलावू लागले. असं काम सुचलं कसं, म्हणून विचारायचे. आणि मी ती गोष्ट सांगू लागले. म्हणायची, माझी वहिनी खेड्यातली, मी कितीही बजावलं तरी तिनं आमची पहिली बंडी दगडावर आपटली, आणि तेव्हा मला कळलं की कपडा प्रयोगशाळेसाठी नाही, भारतातल्या दगडासाठी बनवायचा असतो! लोक हसायचे. टाळ्या वाजवायचे. शेठजींनाही ती गोष्ट फार आवडायची, येईल त्या पाहुण्याला रंगवून सांगायचे. जालन्यात आमचा सत्कार झाला तेव्हा मी परत सांगितली. वहिनी पहिल्या रांगेत बसली होती, नवं लुगडं नेसून. सगळं सभागृह हसलं तशी तीही हसली, पदर तोंडाला लावून. शेजारच्या बाईनं वाकून विचारलं, "त्या तुम्हीच का?" आणि तिनं मान हलवली. हो, मीच.

मी व्यासपीठावरून बघत होते. दिव्यांच्या झोतात तिचा चेहरा धूसर, पाण्याखाली असल्यासारखा दिसत होता. मी बोलत राहिले. वाक्य कुठं अडखळलं नाही.

यंदा शारूला संभाजीनगरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तिला सोडायला म्हणून मी अंबडला गेले होते. तिची बॅग भरायचं चाललं होतं. मी खुर्चीत बसून चहा घेत होते. वहिनीच्या काय मनात आलं कोण जाणे, तिनं पोरीचे दोन पांढरे कुर्ते बॅगेतून काढले. म्हणाली, "हे मी हातानं धुऊन काढते गं. मशीनमधी पिवळे पडले."

शारूनं ते तिच्या हातातून ओढून घेतले. "नको आई. तू धुतलेलं माहीत आहे मला."

तिनं हात दाखवला वगैरे नाही. आवाजही चढवला नाही. लहानपणापासून घरात ऐकत आलेली गोष्ट ती सहज बोलून गेली आणि कुर्ते घडी करायला लागली. तिला त्यात आपण काही वाईट बोललो असं वाटलंही नसेल. वहिनीचे हात कुर्ते धरल्यासारखे पुढे राहिले होते. मग ते तिनं पदराला पुसले.

खोलीत आम्ही तिघीच होतो. पाठ करून बसलेला दादा नाही, माय नाही, सभागृह नाही. शेठजी नाहीत. पोर अठराची, समजण्याच्या वयाची. कपात दोन घोट चहा उरला होता. मी तो प्यायले.

बसस्टँडवर गर्दी होती. शारूला खिडकीची जागा मिळाली, दादा तिच्याबरोबर गेला. बस वळून दिसेनाशी होईपर्यंत वहिनी हात हलवत होती. आम्ही दोघी परत निघालो, पायीच. बाजाराच्या कडेनं, सावली बघत. थोडं चालून गेल्यावर तिनं माझं मनगट धरलं. तिच्या हाताची बोटं आता मऊ झाली आहेत.

"ताई," ती म्हणाली, "दुसरी एखादी असती तर तिनं मला जलमभर बोलून खाल्लं असतं. तुम्ही एका शब्दानं कधी बोलल्या न्हाईत. माझ्या हातून एवढं झालं तरी."

ती थांबली होती, माझ्याकडे बघत. डोळे भरलेले. रस्त्यानं माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी जात होती.

मी म्हटलं, "चला वहिनी. ऊन वाढलं."